पैसे शेअर्ड मॉडेलचे, हातात निव्वळ कॉप्या

आमचा खतं-बियाण्यांच्या वितरणाचा धंदा. हिशेब टॅलीत, रिपोर्ट पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरवर. एका कन्सल्टंट कंपनीने काम मिळवलं ते याच बोलीवर: "सर, एकच शेअर्ड मॉडेल करतो. विक्री, उधारी, स्टॉक, सगळे रिपोर्ट त्यालाच जोडलेले. एकदा बदललं की सगळीकडे बदलतं." कोटेशनमध्ये सर्वांत मोठी रक्कम या मॉडेलचीच.

कल्पना खोटी नाही, हे आधीच सांगतो. पॉवर बीआयमध्ये मॉडेल आणि रिपोर्ट वेगवेगळे ठेवता येतात. टेबलं, त्यांची जोडणी, 'निव्वळ विक्री'सारखी मेझर्स, म्हणजे आकडा काढायची सूत्रं, मॉडेलमध्ये एकदाच लिहायची. रिपोर्ट लाइव्ह कनेक्शनने तिथून आकडा घेतो, स्वतःजवळ डेटा ठेवत नाही. नीट केलं तर सेल्स आणि अकाउंट्सची महिनाअखेरची भांडणं मिटतात.

आमची वाढली. मार्चअखेरीस विक्रीच्या रिपोर्टमध्ये क्रेडिट नोटा वजा, उधारीच्या रिपोर्टमध्ये नाहीत. विचारलं तर म्हणे रिफ्रेशची वेळ वेगळी आहे. दुरुस्ती सांगितली की दर रिपोर्टमागे वेगळं बिल. बदल एकाच ठिकाणी करायचा होता ना? कहर म्हणजे 'सिमँटिक मॉडेल मायग्रेशन'चं बिल. या मॉडेललाच आधी 'डेटासेट' म्हणत; मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2023 मध्ये ते नाव बदलून 'सिमँटिक मॉडेल' केलं, एवढंच. त्यात हलवायचं काहीच नव्हतं.

हे इतके दिवस खपलं, कारण आम्हा सगळ्यांना वर्कस्पेसमध्ये, म्हणजे मॉडेल-रिपोर्ट ठेवलेल्या ऑनलाइन जागेत, फक्त बघण्यापुरता 'व्ह्यूअर' रोल दिलेला, म्हणे सुरक्षेसाठी. कुठला रिपोर्ट कुठल्या मॉडेलला जोडलाय ते दाखवणारा लिनिएज व्ह्यू व्ह्यूअरला उघडता येत नाही, त्याला किमान 'काँट्रिब्यूटर' लागतो. शेवटी आमच्या आयटीतल्या पोराने अ‍ॅडमिन पोर्टलमधून स्वतःला वर्कस्पेसवर घेतलं आणि लिनिएज उघडलं. प्रत्येक रिपोर्टला त्याचं त्याचं मॉडेल! एकच फाइल कॉपी करत नेलेली, आणि दर कॉपीत तेच मेझर जरा वेगळं. 'शेअर्ड' नावाचं मॉडेलही होतं म्हणा. त्याला एकही रिपोर्ट जोडलेला नव्हता.

जाब विचारल्यावर "परफॉर्मन्ससाठी तसं करावं लागतं" हे उत्तर. आमच्याएवढ्याशा डेटाला? शेवटचा हप्ता अडवून ठेवलाय, मायग्रेशनचे पैसे मात्र गेले.

तुमच्याकडे असं काम चालू असेल तर काँट्रिब्यूटर रोल आजच मागा. लिनिएजमध्ये एकाच मॉडेलमधून सगळ्या रिपोर्टांकडे बाण जायला हवेत. मग कन्सल्टंटला समोर बसवून एक मेझर बदलायला लावा आणि दोन वेगळे रिपोर्ट उघडून आकडा जुळतो का ते बघा. रिपोर्टची पीबीआयएक्स (.pbix) फाइल पॉवर बीआय डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये उघडली तर तळाच्या पट्टीत लाइव्ह जोडणी आणि मॉडेलचं नाव दिसतं. मॉडेलची मूळ फाइल तुमच्या ताब्यात देण्याची अट वर्क ऑर्डरमध्येच घाला. आम्ही मागितली तेव्हा "ती कंपनीची मालमत्ता आहे" असं ऐकवलं गेलं.