फायरफॉक्सचा फ्लेक्सबॉक्स इन्स्पेक्टर: काही महिने रोज वापरल्यावर

रोजचं काम क्रोममध्ये करत असाल तरी मशीनवर फायरफॉक्स असू द्या, निदान एका पॅनेलसाठी तरी. डेव्हलपर टूल्समधल्या ‘लेआउट’ टॅबमध्ये फ्लेक्सबॉक्सचा, म्हणजे पानावरचे घटक आडव्या किंवा उभ्या रांगेत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीचा, जो भाग आहे, तो गेले काही महिने मी सतत उघडा ठेवून काम करते आहे आणि आता तो सोडवत नाही. गोष्ट नवीन नाही. फायरफॉक्स ६५ बरोबर, म्हणजे २०१९ च्या जानेवारीतच तो आला. तरी माझ्या ओळखीतले बहुतेक फ्रंटएंडवाले तो उघडून बघत नाहीत. पानाला आडवा स्क्रोल आला की दिसेल त्या डिव्हला (पानावरच्या चौकटीला) ओव्हरफ्लो: हिडन (बाहेर येणारं छाटून टाक) लावायचं, स्क्रोल गेला की तिकीट बंद करायचं, अशी एकंदर रीत.

माझ्या कामाचं स्वरूप सांगते, म्हणजे पुढचं कुठून बोलते आहे ते कळेल. पतसंस्था, शाळा, छोटी दुकानं यांच्या मराठी-इंग्रजी दुभाषी साइट्स. बघणारे जवळजवळ सगळे मोबाइलवर, त्यातही ३६० पिक्सेल रुंदीच्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर. डिझाइन येतं ते लॅपटॉपच्या मापाचं आणि त्यात सगळ्यांची नावं आखूड असतात.

पॅनेल वापरायला सोपं आहे. एचटीएमएलच्या झाडात ज्या घटकाला डिस्प्ले: फ्लेक्स आहे त्याच्यापुढे ‘फ्लेक्स’ असा छोटा बॅज दिसतो. तो दाबला की पानावर रेघा उमटतात, कंटेनर (फ्लेक्स लावलेला बाहेरचा घटक) कुठपर्यंत आहे आणि मोकळी जागा कुठे राहिली ते दिसतं. इतपत क्रोममध्येही मिळतं. खरी किंमत आहे ती आतला एखादा आयटम निवडल्यावर उघडणाऱ्या हिशोबाला. आयटमचं मूळ माप किती, फ्लेक्समुळे तो किती वाढला किंवा आकसला, किमान माप किती आणि शेवटी किती पिक्सेल हाती आले, हे ओळीनं मांडलेलं असतं. किमान मापापाशी आयटम अडला असेल तर आकृतीत कुलपाचं चिन्ह येतं. ते कुलूप दिसलं की माझं अर्धं काम झालेलं असतं.

एक केस सविस्तर सांगते, कारण हिच्यासारख्या केसेस पुन्हा पुन्हा येतात. सभासदांची यादी. प्रत्येक ओळीत डावीकडे आद्याक्षराचा ४८ पिक्सेलचा गोल, मध्ये नाव आणि ई-मेल, उजवीकडे ‘₹१,२५,०००’ अशी रक्कम. ३६० च्या फोनवर दोन्ही बाजूंचं १६-१६ पॅडिंग वजा जाता ३२८ उरतात. गोलाचे ४८, रकमेचे ८४ आणि मधल्या दोन गॅपचे २४ गेले की मधल्या मजकुराला १७२ मिळायला हवेत. मजकुराला फ्लेक्स: १ (उरलेली जागा घे) दिलेलंच होतं, त्यामुळे कागदावर सगळं बरोबर. पण एका सभासदाचा ई-मेल २३० पिक्सेल लांब निघाला. त्या ओळीत गोलाचा उभा लंबगोल झाला आणि पान उजवीकडे थोडंसं सरकू लागलं.

अशा वेळी पहिलं तिकीट येतं ते ‘गोल चेपलाय’ असं. मग कोणीतरी गोलाला फ्लेक्स: नन (वाढू नको, आकसू नको) लावतं, गोल पुन्हा गोल होतो आणि आडवा स्क्रोल आणखी ३२ पिक्सेलनं वाढतो. कारण तोवर तो बिचारा गोल आपल्या ४८ मधले ३२ पिक्सेल सोडून मजकुराची भरपाई करत होता. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा मोठी बॅग घेतलेला माणूस हलत नाही आणि कडेचा सडपातळ माणूस अर्धा हवेत जातो, त्यातलाच हा प्रकार. सडपातळ माणसाला खिळे मारून बसवलं की चौथा खाली पडणारच.

पॅनेलमध्ये मजकुराचा आयटम निवडला तर गोष्ट तिथल्या तिथे उघड होते: मूळ माप ०, किमान २३०, अंतिम २३०, आणि कुलूप. फ्लेक्स आयटमचं मिन-विड्थ (किमान रुंदी) आपण काही न लिहिता शून्य नसतं, ‘ऑटो’ असतं. आणि ऑटोचा अर्थ असा की आतला मजकूर जिथे तुटू शकत नाही तिथपर्यंतच आकसायचं, त्याच्या खाली नाही. ई-मेलमध्ये मोकळी जागा नसल्यामुळे तो अख्खा एकच शब्द. हा नियम वाईट हेतूनं केलेला नाही, आयटम आकसून मजकूर एकमेकांवर चढू नये म्हणूनच आहे. फक्त तो मुकाट्यानं लागू होतो. स्टाइलच्या फाइलमध्ये त्याची एकही ओळ नसते, म्हणून फाइल कितीही वाचली तरी सापडत नाही. पॅनेल तो बाहेर काढून दाखवतं, आणि माझ्या लेखी एवढ्यासाठीच ते ठेवण्यासारखं आहे.

मजकुराला मिन-विड्थ: ० दिलं की गोल आपसूक ४८ वर येतो, त्याला फ्लेक्स: नन द्यायचीही गरज उरत नाही. मजकुराचा डबा १७२ चा होतो. पण डबा आवळला म्हणजे आतला ई-मेल आवळला असं नव्हे. तो आता डब्याबाहेर येऊन रकमेवर चढतो. तिथे ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर (लागेल तिथे शब्द तोड) लागतं. याच नियमाची ब्रेक-वर्ड आणि एनीव्हेअर ही दोन मूल्यं दिसायला सारखीच, फरक इथेच कळतो: ब्रेक-वर्ड शब्द तोडतं पण किमान माप मोजताना ती तोड धरत नाही. एनीव्हेअर धरतं. म्हणून वरच्या केसमध्ये नुसतं एनीव्हेअर लावूनही काम झालं असतं. नुसत्या ब्रेक-वर्डनं काहीच हललं नसतं. दोन्ही आलटून पालटून लावून किमान मापाचा आकडा बदलताना बघा, एकदा बघितलं की पुन्हा विसरत नाही.

आता ‘हिडन लावलं तरी चालतं की’ हा मुद्दा. चालतं, कारण हिडननं आयटम स्क्रोल कंटेनर (आतला मजकूर सरकवता येणारा डबा) होतो आणि तशा आयटमचं आपोआप येणारं किमान माप शून्य धरतात. पण मराठी मजकुरावर हिडन लावताना मला धडकी भरते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ वगैरे आवळलेली असली की खालचे उकार आणि वरचे रफार ओळीच्या चौकटीबाहेर जातात आणि हिडन त्यांना छाटतं. ‘पुणे’चं ‘पणे’ झालेलं मी लाइव्ह साइटवर पाहिलंय. इंग्रजीतून तपासणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून नुसतं आकसायचं असेल तिथे मिन-विड्थ: ०, आणि कापायचंच असेल तिथे हिडन, पण लाइन-हाइट सैल करून. ओव्हरफ्लो: क्लिप लावून ही अडचण सुटेल असं वाटत असेल तर थांबा: क्लिपनं घटक स्क्रोल कंटेनर होत नाही, त्यामुळे किमान माप जिथल्या तिथे राहतं.

लांब मजकूर कापून शेवटी दाखवायच्या तीन टिंबांचं दुखणं याच जातीचं. टेक्स्ट-ओव्हरफ्लो: इलिप्सिस, नोरॅप (ओळ मोडू नको) आणि हिडन तिन्ही असूनही टिंबं येत नाहीत, कारण मजकूर तीन फ्लेक्सच्या आत बसलेला असतो आणि वरच्या एखाद्या पातळीवर ऑटो शिल्लक असतं. आतून बाहेर एकेक पातळी निवडत जायचं, कुलूप दिसेल तिथे मिन-विड्थ: ० द्यायचं. अंदाजानं सगळीकडे लावत सुटण्यापेक्षा हे बरं. शिवाय मजकूर थेट फ्लेक्स कंटेनरमध्येच टाकलेला असेल तर टिंबं येणारच नाहीत, त्याभोवती एक स्पॅन किंवा डिव्ह हवा.

काही घटकांचं आडमुठेपण जन्मजात असतं. इनपुटला ब्राउझर साधारण वीस अक्षरांची रुंदी स्वतःहून देतो, म्हणून शोधपट्टीत शेजारचं बटन बाहेर ढकललं जातं. त्याला मिन-विड्थ: ० पुरतं. फील्डसेटचं तर आणखी मजेशीर: त्याला ब्राउझरच्या मूळ स्टाइलमध्येच किमान रुंदी मिन-कंटेंट (आतल्या न तुटणाऱ्या भागाएवढी) लिहिलेली आहे, त्यामुळे तो फ्लेक्समध्ये नसला तरी ऐकत नाही. टेबल मात्र मिन-विड्थ: ० लाही भीक घालत नाही. त्याला डिव्हमध्ये घालून त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो देणं हाच मार्ग.

पान आडवं सरकतंय पण कोणामुळे ते कळत नाही, तेव्हा एचटीएमएलच्या झाडातला ‘स्क्रोल’ बॅज दाबायचा. ज्या घटकांमुळे मजकूर बाहेर जातोय त्यांच्यापुढे ‘ओव्हरफ्लो’ असा बॅज उमटतो. सगळ्यांना लाल बॉर्डर लावून दोषी शोधायची जुनी युक्ती मी त्यानंतर वापरलेली नाही.

अलाइनमेंटच्या बाबतीत माझं समाधान निम्मंच आहे. एक प्रकार पॅनेलवर झकास दिसतो: मध्यभागी आणलेल्या टॅबची पट्टी. जस्टिफाय-कंटेंट: सेंटर (आयटम रांगेच्या मध्यावर आण) आणि ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो (मावत नसेल तर आडवा स्क्रोल दे). मोठ्या पडद्यावर सुरेख, पण फोनवर टॅब मावत नाहीत तेव्हा जादाची रुंदी दोन्ही बाजूंना समान सांडते आणि डावीकडे सांडलेल्या भागापर्यंत स्क्रोल पोचतच नाही. ‘मुख्यपृष्ठ’मधलं नुसतं ‘पृष्ठ’ उरतं. वरच्या रेघांमध्ये पहिला टॅब कंटेनरच्या डावीकडे गेलेला स्पष्ट दिसतो. सेंटरच्या आधी ‘सेफ’ लिहिलं की जागा नसताना मांडणी सुरुवातीपासून होते. जुने फोन सांभाळायचे असतील तर सेंटर काढूनच टाका, पहिल्या टॅबला डावीकडे आणि शेवटच्याला उजवीकडे मार्जिन: ऑटो द्या. जागा असेल तर टॅब मध्ये येतात, नसेल तर ऑटो मार्जिन शून्य होतं.

उभ्या मांडणीत हेच नियम उंचीला लागतात. डायलॉगमध्ये वर शीर्षक, मध्ये स्क्रोल होणारा फॉर्म, खाली ‘जतन करा’. आणि ते बटन पडद्याच्या खाली गायब. स्क्रोल होणाऱ्या भागाला सगळं नीट लिहिलेलं असतं. गडबड त्याच्या बाहेरच्या फॉर्म टॅगची असते, जो डायलॉगचा फ्लेक्स आयटम असतो आणि ज्याचं मिन-हाइट ऑटो असतं. तिथे शून्य लिहिलं की बटन वर येतं.

देवनागरीपुढे मात्र पॅनेल गप्प बसतं. बटनात भिंगाचं चिन्ह आणि ‘शोधा’ हा शब्द, अलाइन-आयटम्स: सेंटर आणि तरी शब्द वरखाली झाल्यासारखा. पॅनेलच्या हिशोबात काहीही चुकलेलं नसतं, कारण फ्लेक्सबॉक्स चौकटी मध्यावर आणतो, अक्षरांची शाई नव्हे. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं, वर वेलांट्या, खाली उकार. चौकटीतली शाई मध्यावर असेलच याची खात्री नाही. त्यात फॉन्ट-फॅमिलीत आधी लॅटिन फॉन्ट आणि मराठीसाठी ब्राउझर देईल तो, अशी व्यवस्था असली तर लाइन-हाइट: नॉर्मलवर मराठी टॅब इंग्रजी टॅबपेक्षा उंच निघतो. मी दोन गोष्टी पाळते. लाइन-हाइट नेहमी आकड्यात, मराठीला १.५ च्या खाली नाही. आणि दोन्ही लिप्या असलेला एकच फॉन्ट: मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता मला या कामाला फार आवडतो. मोकळा आहे, वजनंही पुष्कळ आहेत. उरलेला पिक्सेल-दोन पिक्सेलचा फरक चिन्हाला मार्जिन देऊन डोळ्यांनीच भरून काढावा लागतो.

शेजारच्या रूल्स पॅनेलमधली एक सोय याच कामाची आहे. जो नियम लागूच होत नाही तो फिका दिसतो आणि बाजूच्या चिन्हावर गेलं की कारण वाचता येतं. आयटम नसलेल्या घटकावर फ्लेक्स-ग्रो लिहिलंय, किंवा फ्लेक्स आयटमवर व्हर्टिकल-अलाइन: मिडल लिहून कोणी वाट बघत बसलंय, हे लगेच उघडं पडतं. ही सोय फायरफॉक्स ७० पासूनची. जुन्या कोडमध्ये शिरताना मी आधी फिक्या ओळी काढते.

क्रोमचं एक मान्य करायला हवं: जस्टिफाय आणि अलाइनचे पर्याय चिन्हांच्या बटनांवर दाबून बघण्याची त्याची सोय शिकणाऱ्याला जास्त भावेल. फायरफॉक्सचं पॅनेल हिशोबनीस आहे, शिक्षक नाही. किमान माप २३० आहे हे ते सांगतं, पण ते ई-मेलमुळे की आतल्या इनपुटमुळे, हे आत उतरून आपणच शोधायचं. ज्याला फ्लेक्स-बेसिस (आयटमचं मूळ माप ठरवणारा नियम) म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्याला ते आकडे कोरडे वाटतील.

प्रत्यक्ष फोनवरची तपासणी अँड्रॉइडपुरती सुखाची आहे. फोनवर फायरफॉक्स टाकायचा, यूएसबीनं जोडायचा, लॅपटॉपवर अबाउट:डीबगिंग उघडायचं आणि हेच पॅनेल फोनवरच्या पानाला लावायचं. आयफोनवर तसं नाही, तिथला फायरफॉक्स आतून वेबकिटवर, म्हणजे सफारीच्याच इंजिनवर, चालतो. त्यामुळे ज्या ग्राहकाचे वापरणारे आयफोनवाले आहेत, त्याच्यासाठी मॅक आणि सफारीचा इन्स्पेक्टर वेगळा हाताशी ठेवावा लागतो.