"हाड भरतंय" म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला

हे लिहायला मला वर्ष लागलं. दारात वाढतं शिंगरू असेल तर कृपा करून पूर्ण वाचा.

माझी शिंगरी सहा महिन्यांची झाल्यावर आम्ही तिला घोडीपासून तोडलं. दूध तुटल्यावर आठवडाभरातच ती उतरली, बरगड्या दिसायला लागल्या आणि मी घाबरले. नेमका त्याच दिवसांत तो माणूस आला. बोलणं गोड आणि जनावराला हात लावायची पद्धत अशी की कुणालाही भरवसा वाटावा. म्हणाला, "ताई, पहिल्या वर्षात जे हाड बनतं तेच जन्मभर पुरतं. आता हात आखडता घेतलात तर पुढे पस्तावाल." यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणून तर मी फसले. शिंगरू वर्षाचं होईपर्यंत आपल्या पूर्ण उंचीच्या जवळजवळ 90 टक्के वाढलेलं असतं.

त्याने 'हाडांची पावडर' दिली. सहा महिन्यांचा कोर्स, पैसे सगळे आगाऊ. डब्यावर उडी मारणारा घोडा आणि 'कॅल्शियमयुक्त', 'सांध्यांना बळ' असे मोठे शब्द. पण कॅल्शियम किती टक्के, फॉस्फरस किती, तांबं किती, यातला एकही आकडा नव्हता. बनवणाऱ्याचा पत्तासुद्धा नव्हता. विचारलं तर म्हणाला, "फॉर्म्युला आहे ताई, तो छापत नसतात." खुराकही त्यानेच ठरवून दिला. लसूणघास बंद, कारण म्हणे त्याने उष्णता होते. त्याऐवजी गव्हाचा कोंडा, आणि दर पंधरा दिवसांनी धान्य वाढवत न्यायचं.

दोन महिन्यांत शिंगरी चकाकायला लागली. पाठ भरली, छाती रुंदावली, येणारेजाणारे थांबून बघायचे. त्याने तिचे फोटो काढले. मलाही तेव्हा अभिमानच वाटला.

मग एका सकाळी तिचे पुढचे पाय धुताना गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूला, हाताला टणक फुगवटा लागला. दोन्ही पायांना. समोरून पाहिलं तर पाय खाली येता येता गुडघ्यापाशी एकदम पसरट झालेला. तळवा टेकवला, तर तेवढीच जागा गरम. मी त्याला बोलावलं. त्याने बोटांनी दाबून पाहिलं, शिंगरीने झटकन पाय उचलून घेतला, आणि तो खुशीत म्हणाला, "बघा, हाड कसं भरतंय! पावडर लागू पडली." त्याच संध्याकाळी मी डोस वाढवला. ती संध्याकाळ मला विसरता येत नाही.

तीन आठवड्यांनी ती लंगडायला लागली, तेव्हा डॉक्टर आले. त्यांनी एक्स-रे काढला. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, तिच्यातूनच हाड लांबीला वाढतं. ती पट्टी रुंद आणि वेडीवाकडी झाली होती. म्हणजे ज्याला तो भरलेलं हाड म्हणत होता, ती वाढीच्या जागेची सूज होती. शिंगरी झपाट्याने वजन धरत होती आणि ते पेलणारं हाड नीट पक्कं होत नव्हतं.

डॉक्टरांनी डबा आणि खुराक दोन्ही तपासायला पाठवायला लावले. पावडरीत बहुतेक दळलेला कोंडा आणि गोडी आणणारं काहीतरी होतं. कॅल्शियम नावापुरतं, फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. वाढत्या शिंगराच्या एकूण आहारात फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम लागतं, निदान कमी तरी नसावं. गव्हाच्या कोंड्यात नेमकं उलटं असतं: फॉस्फरस एक टक्क्याच्या वर, कॅल्शियम जेमतेम 0.1 टक्का. फॉस्फरस असा वरचढ झाला की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला ते हाडांतूनच ओढून घेतं. आणि जो लसूणघास त्याने बंद करायला लावला, तो कॅल्शियमने भरलेला चारा आहे. वर धान्यातल्या स्टार्चने वजन वाढतच होतं.

प्रथिनांनी सांधे बिघडतात असंही तो सांगायचा. तेही खोटं. दूध तुटलेल्या शिंगराच्या खुराकात साधारण 14 ते 16 टक्के प्रथिनं लागतातच, आणि त्यात लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) पुरेसं हवं. अंगावर येते ती जास्तीची ऊर्जा आणि खनिजांचा बिघडलेला मेळ. तांब्याचंही तसंच. घोडीच्या दुधात ते फार थोडं असतं. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत शिंगराच्या यकृतात जो साठा होतो त्यावर ते सुरुवातीला निभावतं. नंतर तांबं खुराकातून मिळायला हवं, आणि जस्त अती झालं तर तांबं अंगी लागत नाही. म्हणून आकडे न छापलेला डबा मी आता हातातही धरत नाही.

रिपोर्ट दाखवला तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या घोडीचं रक्तच कच्चं." पैसे परत मिळाले नाहीत. नंतर फोन बंद.

धान्य उतरवलं, कोंडा आणि पावडर थांबवली, चारा आणि खनिजं डॉक्टरांनी मोजून दिली, खूर वरचेवर सारखे केले. आधी आराम, मग थोडं थोडं मोकळं फिरणं. दर महिन्याला वजनाचा अंदाज देणाऱ्या मापपट्टीने वजन काढून वहीत लिहिते. आकडा एकदम उडी मारायला नको, सावकाश चढायला हवा. सूज उतरायला बरेच महिने गेले. डावा पाय अजून किंचित बाहेर वळलेला आहे.

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एकाने मला त्याच पावडरीची जाहिरात दाखवली. त्यात माझीच शिंगरी होती, आठ महिन्यांची, उन्हात चकाकणारी. तो फोटो तुमच्यापर्यंत आला तर चकाकी सोडा आणि गुडघ्याच्या वर बघा. फुगवटा त्यातही दिसतो.