मॉडेलसाठी जुना ट्रॅक्टर मोजताना डिजिटल कॅलिपर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१५० मिमी मापाचा, पोलादी बॉडीचा डिजिटल व्हर्निअर कॅलिपर (वस्तू जबड्यांत धरून तिचे माप पडद्यावर दाखवणारे साधन) मी बेळगावात खरेदी केला, तो एकाच कामासाठी: निपाणी भागातील एका शेतकऱ्याकडे अजून चालू स्थितीत असलेल्या जुन्या मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टरचे १:१६ प्रमाणातील मॉडेल बनवण्यासाठी. खोक्यावर ०.०१ मिमी हा आकडा, म्हणजे पडद्यावर दिसू शकणारा सर्वांत लहान फरक, ठळक छापलेला असतो आणि विक्रेतेही त्याचेच कौतुक करतात. ट्रॅक्टर मोजताना मला त्या आकड्याचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही, कारण मूळ वस्तूवरील अर्ध्या मिलिमीटरची चूक १:१६ मध्ये ०.०३ मिमी होते आणि ती कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. तरीही हे साधन मी पुन्हा घेईन. ट्रॅक्टरचा कोणता भाग मूळचा आहे आणि कोणता नंतर कोणीतरी बसवलेला आहे, हे ओळखायला त्याने जी मदत केली, ती टेपने किंवा छायाचित्रांनी झाली नसती.

हे ओळखणे का आवश्यक आहे, ते थोडे सविस्तर सांगतो. १०३५ चे घराणे इंग्लंडमधले आहे. कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन टीई-२० तयार होत असे. १९५६ मध्ये त्याच्या जागी फर्ग्युसन ३५ आला, तो राखाडी पत्रा आणि तांबूस-सोनेरी इंजिन अशा रंगसंगतीत. आणि १९५७ च्या अखेरीस तोच मॅसी फर्ग्युसन ३५ या नावाने लाल-राखाडी झाला. भारतात चेन्नईच्या टॅफे या ट्रॅक्टर कंपनीने १९६० पासून मॅसी फर्ग्युसनशी सहकार्य केले आणि १०३५ हे त्याच घराण्यातील मॉडेल. मॉडेलकारांना मिळणारे आराखडे आणि छायाचित्रे मात्र बहुतेक टीई-२० ची किंवा इंग्लंडमधील ३५ ची असतात. त्यातही सुरुवातीच्या डिझेल ३५ ला चार सिलिंडरचे स्टँडर्ड इंजिन होते, नंतर तीन सिलिंडरचे पर्किन्स आले, ज्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.६ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५ इंच. आपल्याकडच्या १०३५ ला सिम्पसनचे इंजिन आहे, तेही तीन सिलिंडरचेच आणि पर्किन्सच्या वळणाचे. परदेशी आराखडा डोळे झाकून वापरला, तर एका सिलिंडरचे इंजेक्टर आणि पाइप जास्तीचे बसतात, आणि असे मॉडेल मी प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणून आराखडा हाताशी ठेवून प्रत्येक भाग समोरच्या ट्रॅक्टरवर पडताळणे भाग पडते.

कॅलिपरवर मिलिमीटर आणि इंच बदलण्याचे बटण असते. माझ्या कॅलिपरमध्ये अपूर्णांकातले इंचही दिसतात आणि या कामात हीच सोय सर्वांत जास्त उपयोगी पडली. या ट्रॅक्टरची मूळ रचना इंचात आहे. मिलिमीटरमध्ये ओबडधोबड दिसणारे माप इंचात घेतल्यावर नेटके आले, तर तो भाग बहुधा मूळचा असतो. बोल्टच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची बोल्टच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) डोक्याचे माप पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी, जुन्या पद्धतीच्या १२ मिमी बोल्टचे डोकेही १९ मिमीच. झिजलेल्या, रंगाचे थर बसलेल्या डोक्यावर हा फरक कॅलिपर सांगू शकत नाही, मग पडद्यावर दशांशानंतर कितीही आकडे उमटोत. बाहेर आलेल्या आट्यांवर जबडे लावले की उत्तर लगेच मिळते: इंची बोल्टचा व्यास साधारण १२.६ मिमी येतो, १२ मिमीवाल्याचा १२ पेक्षाही किंचित कमी. आट्यांचे अंतर पाहिले, तर शंकाच उरत नाही, कारण चार सुती बारीक आट्यांच्या बोल्टवर इंचाला २० आटे असतात. ट्रॅक्टरच्या मालकांना, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, मी डाव्या मडगार्डचे बोल्ट नंतरचे आहेत असे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "ट्रॉली उलटली होती तेव्हाचे हायेत ते, तुला कुणी सांगितलं?"

ओतीव भाग हा खरा विश्वासाचा भाग. इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्स, मागच्या धुऱ्याचे हाउसिंग हे सहसा कोणी बदलत नाही, पत्रा मात्र दर काही वर्षांनी ठोकला जातो, वेल्ड होतो, रंगवला जातो. ओतीव भाग कसा मोजावा हे मला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (वाळूत दाबून साचा उठवायचे नमुने) बनवण्यात आयुष्य घालवलेल्या एका काकांनी शिकवले. "कास्टिंगचं एकच माप घेऊ नको, वरचं आणि खालचं वेगळंच येणार," हे त्यांचे पहिले वाक्य. पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून त्याला उतार द्यावा लागतो आणि ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो. आकसण्याचा हिशोब मॉडेलकाराने करायचा नसतो, कारण आपण तयार वस्तूच मोजतो. उताराबद्दल माझे मत काकांपेक्षा वेगळे आहे. १०० मिमी उंचीवर एक अंशाचा उतार म्हणजे पावणेदोन मिमी, आणि १:१६ मध्ये तो ०.११ मिमी होतो. रंगाखाली एवढा फरक हरवतो, म्हणून मी तो सोडून दिला. आतल्या कोपऱ्यांची गोलाई मात्र सोडू नये. ६ मिमी त्रिज्येची गोलाई मॉडेलवर पावणेचार दशांश मिमीची होते आणि ती नसेल तर गिअरबॉक्स पत्र्याचा डबा वाटतो. ही गोलाई कॅलिपरने मोजता येत नाही. निरनिराळ्या व्यासांच्या ड्रिल बिटचे दांडे कोपऱ्यात टेकवून जो नीट बसेल तो निवडायचा आणि त्याचा व्यास कॅलिपरने घ्यायचा, एवढेच करता येते, आणि ते पुरेसे आहे.

१५० मिमीची मर्यादा सर्वांत आधी मागच्या चाकाच्या हबपाशी जाणवते. चाक धरून ठेवणाऱ्या आठ स्टडच्या (बिनडोक्याच्या बोल्टच्या) वर्तुळाचा व्यास सरळ मोजायला जबडे पुरत नाहीत. येथे शून्य करण्याचे बटण उपयोगी पडते. एका स्टडचा व्यास जबड्यांत धरून त्याच जागी पडदा शून्य करावा आणि मग शेजारच्या दोन स्टडची बाहेरून बाहेर रुंदी घ्यावी; पडद्यावर थेट त्यांच्या मध्यांमधील अंतर दिसते. माझे माप ७७.७ ते ७७.८ मिमीच्या दरम्यान आले. आठ समान भागांच्या वर्तुळात या अंतराला २.६१३ ने गुणले की व्यास मिळतो, तो २०३ मिमी, म्हणजे बरोबर ८ इंच. अशा वेळी ३०० मिमीचा मोठा कॅलिपर घ्यावा का, असा प्रश्न पडतो. मला तो घ्यावासा वाटला नाही, कारण मडगार्ड आणि हब यांच्यामधल्या जागेत त्याची दांडी फिरत नाही.

व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर), ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर), बोनेटची उंची ही मोठी मापे कॅलिपरच्या आवाक्यातील नाहीत. त्यांसाठी सपाट जमीन, ओळंबा, खडू आणि पोलादी टेप हेच खरे. टायरची मापे टायरवरच लिहिलेली असतात, पण ती वाचायला शिकावे लागते: जुन्या पद्धतीत ११-२८ असे लिहिलेला टायर म्हणजेच आजचा १२.४-२८, आणि २८ हा आकडा टायर जिथे बसतो त्या कडेचा व्यास आहे, बाहेरून दिसणाऱ्या रिमचा नव्हे. पुढच्या ६.००-१६ टायरची १६ इंचांची ही कड १:१६ मध्ये बरोबर एक इंच होते, एवढी सोपी आकडेमोड पुन्हा कुठे वाट्याला येत नाही.

मॉडेलच्या टेबलावर हेच यंत्र वेगळ्या भूमिकेत येते आणि तेथे दशांशांना अर्थ येतो. इंजेक्टरच्या पाइपचा बाहेरचा व्यास ६ मिमी, म्हणून मॉडेलवर ०.३७५ मिमी हवा. उसाच्या पट्ट्यात मोटार वाइंडिंगची दुकाने गावोगावी आहेत आणि तेथील २८ गेजची तांब्याची तार मुळात ०.३७६ मिमीची असते. वरचे लाखेचे आवरण थोडी जाडी वाढवते, ती पॉलिश पेपरने काढत काढत कॅलिपरने पाहत जायचे. तीन सुती बोल्टचे डोके १४.२९ मिमीचे, मॉडेलवर ०.८९, स्टायरीन प्लास्टिकची षटकोनी काडी या मापापर्यंत घासताना दर दोन-तीन हातांनी मोजावेच लागते. मागे अवजार जोडायच्या हायड्रॉलिकच्या टॉप लिंकची (वरच्या दांड्याची) पिन १९ मिमी, खालच्या हातांच्या पिना २२ मिमी, अवजार फिरवणारा पीटीओ शाफ्ट एक इंच तीन सूत: यांतल्या एकीचे माप दुसरीला लावले, तर मॉडेल काहीतरी चुकल्यासारखे दिसते आणि काय चुकले ते पटकन सापडत नाही.

आता तक्रारी. बंद केलेला कॅलिपरही सेल खात राहतो. कॅलिपरसोबत आलेला एलआर४४ सेल फार लवकर उतरला आणि उतरताना आकडे लुकलुकू लागले. त्याऐवजी एसआर४४ वापरावा, त्याचे व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहते. काम नसेल त्या आठवड्यात सेल काढून ठेवावा. दुसरी तक्रार ओलाव्याची आणि तेलाची. दांडीवरच्या पट्टीवर ग्रीस किंवा दमट हवेचे पाणी बसले की आकडा मध्येच उडी मारतो, आणि खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात हे रोजचेच आहे. प्रत्येक मापापूर्वी पट्टी कोरड्या फडक्याने पुसून, जबडे मिटवून शून्य येते का हे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. खोली मोजणाऱ्या बारीक पट्टीचे टोक टायरच्या उंचवट्यांमध्ये नीट टेकत नाही, तेथे साधी फूटपट्टी बरी. अंगठ्याने फिरवायचे चाक हळूहळू सैल झाले आहे, त्याने अजून मापात फरक पडलेला नाही.

काम कधी करावे हाही संशोधनाचाच भाग आहे. गळीत हंगामात असा ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीला जुंपलेला असतो आणि मालकाला आपल्यासाठी वेळ नसतो. खंडेनवमीला तो धुऊन-पुसून उभा असतो; कास्टिंगवरचे उठावाचे क्रमांक त्या दिवशी स्वच्छ वाचता येतात, आणि बॅटरीच्या खोक्यामागे किंवा स्टीअरिंगच्या बुडाशी मूळ रंगाचा तुकडा शोधायचा असेल तर पुन्हा रंग मारला जाण्यापूर्वीच पाहून घ्यावा. छायाचित्रे दूर उभे राहून झूम करून काढावीत आणि त्याच पातळीत एक फूटपट्टी धरावी. जवळून काढलेल्या चित्रात पुढचे चाक फुगते आणि त्यावरून घेतलेली मापे कोणत्याच आराखड्याशी जुळत नाहीत.

याच कामासाठी कोणी कॅलिपर घेणार असेल, तर पोलादी बॉडीचा, अपूर्णांकातले इंच दाखवणारा आणि कोणत्याही जागी शून्य करता येणारा घ्यावा. नुसता दशांश इंच दाखवणारा थोडा स्वस्त मिळतो, पण सुतांत विचार करणाऱ्या मेस्त्रींशी बोलताना त्याचा उपयोग होत नाही. सोबत प्लास्टिकच्या जबड्यांचा एक स्वस्त कॅलिपरही ठेवावा. तो ट्रॅक्टरवर नेऊ नये, रंगवून झालेल्या मॉडेलच्या भागांसाठी वापरावा. पोलादी टोकांचा नव्या रंगावर ओरखडा उठतो आणि १:१६ मध्ये तो ओरखडा बोनेटच्या निम्म्या लांबीचा दिसतो.