कॅनकूनचे पाण्याखालचे संग्रहालय: निसुकपेक्षा मांचोनेस पाहावे

मेक्सिकोतील कॅनकून येथील ‘मुसा’ हे पाण्याखालचे शिल्पसंग्रहालय पाहायचे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आपली बोट कोणत्या दालनाकडे जाणार आहे, हे विचारून घ्यावे. पुंता निसुक येथील दालन सुमारे चार मीटर खोलीवर असून तेथे केवळ स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पृष्ठभागावर तरंगणे, करता येते. इस्ला मुहेरेस बेटाजवळच्या मांचोनेस दालनात आठ मीटरांवर शिल्पे आहेत आणि तेथे स्कूबाची हवेची टाकी पाठीवर घेऊन थेट तळाशी उतरता येते. मी दोन्ही पाहिली, आणि दोन्हींना एकाच नावाने ओळखावे याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

निसुकचा अनुभव निराशाजनक ठरला, पण त्यात दोष शिल्पांचा नव्हता. ज्या बोटवाल्यांबरोबर मी गेलो, त्यांनी आम्हा वीसेक जणांना एका दोरीला धरून जेमतेम पंचवीस मिनिटे पाण्यात ठेवले. सक्तीच्या लाइफ जॅकेटमुळे खाली बुडी मारणे शक्य नव्हते आणि पुढच्या माणसाच्या पायांनी घुसळलेल्या पाण्यातून तळाकडे पाहावे लागत होते. वाटाड्याने सोफ्यावर बसून दूरचित्रवाणी पाहणारा सिमेंटचा माणूस तेवढा दाखवला, सर्वांची छायाचित्रे काढली आणि शिट्टी वाजवली. पायऱ्यांवर पहुडलेली, भोवती कुंड्या मांडलेली मुलगी जवळच होती; त्या २००९ सालच्या शिल्पातील कुंड्यांमध्ये वादळांनी आणि बोटींच्या नांगरांनी मोडलेल्या प्रवाळांचे तुकडे लावले गेले होते, हे त्याने सांगितले नाही. सांगण्यासारखे तेच तर होते.

मांचोनेसला मात्र आम्ही चौघेच होतो. ‘द सायलेंट एव्होल्यूशन’ या २०१० सालच्या समूहशिल्पात चारशेहून अधिक माणसे वाळूवर खेटून उभी आहेत. शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर यांनी स्थानिक लोकांच्या अंगावरून साचे घेऊन ती घडवली. लांबून गर्दी वाटते, जवळ गेल्यावर एकेक चेहरा दिसू लागतो, आणि आणखी जवळ गेल्यावर चेहरा हरवून त्यावर काय वाढले आहे एवढेच दिसते. एका म्हातारीच्या गालावर जांभळट-गुलाबी कठीण थर चढला होता, त्यामुळे तिच्या सुरकुत्या बुजल्या होत्या. खांद्यावर बोटभर जाडीचा स्पंज होता. तिच्या मानेशी उगवलेल्या शैवाळाच्या चार बोटांच्या तुकड्यावर एका डॅमसेल माशाने हक्क सांगितला होता आणि मी वाकलो की तो थेट माझ्या मास्कच्या काचेवर धडकत होता.

संवर्धनाचा जो दावा येथे केला जातो, त्याचे दोन भाग आहेत. पहिला मला पटतो. येथील राष्ट्रीय सागरी उद्यानाचे तत्कालीन संचालक हाइमे गोन्सालेस कानो हे संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक होते आणि त्यांची अडचण साधी होती: २००५ साली विल्मा चक्रीवादळाने झोडपलेल्या नैसर्गिक प्रवाळखडकांवर पर्यटकांची रीघ थांबत नव्हती. लोकांना पाहायला दुसरे काहीतरी दिले, तर खडकांना उसंत मिळेल, हा त्यामागचा हिशेब. दुसरा भाग असा, की शिल्पे स्वतःच खडक बनतील. त्यासाठी सामू (पीएच) उदासीन असलेले, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही असे, खास सिमेंट वापरले आहे आणि पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवला आहे, कारण प्रवाळांच्या अळ्यांना चिकटायला टणक आणि खरखरीत जागा लागते. नुसत्या वाळूवर त्यांना थारा नसतो. मासे आणि शेवंड (लॉब्स्टर) आडोशासाठी येथे आले आहेत यात शंका नाही. प्रवाळ मात्र मला मोजकेच दिसले, शैवाळ भरपूर. कॅरिबियन समुद्रात शैवाळ चरणारे लांब काट्यांचे समुद्री अर्चिन हे गोलसर प्राणी १९८३-८४ च्या साथीत बहुतांशी मेले, त्यामुळे प्रवाळांची जागा बळकावणाऱ्या शैवाळाला आवर राहिला नाही. २०१८ पासून मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर दगडी प्रवाळांचा ऊतिनाश करणारा रोग पसरला, आणि पाणी तापतच आहे. सिमेंटची मूर्ती बसायला जागा देऊ शकते, पाणी थंड करू शकत नाही. या बाबतीत इटलीतील तालामोनेचा प्रयोग मला अधिक रोखठोक वाटतो: तेथे संगमरवराची शिल्पे तळावरून जाळी ओढत बेकायदा मासेमारी करणाऱ्या ट्रॉलर बोटींच्या जाळ्यांना तळावर अडथळा व्हावीत म्हणूनच सोडली आहेत.

तरीही मांचोनेसची शिफारस मी नि:शंकपणे करीन. सकाळची पहिली बोट घ्यावी, आणि आठ टन वजनाची सिमेंटची फोक्सवॅगन बीटल मोटार दाखवण्याचा आग्रह धरावा. तिच्या पोटात शेवंडांसाठी पोकळ्या ठेवल्या आहेत आणि टॉर्च मारल्यावर मला आतून लांबलचक मिशा हलताना दिसल्या. ‘मॅन ऑन फायर’ या पुतळ्यापासून मात्र हातभर दूर राहावे. त्याच्या अंगावरील ७५ छिद्रांमध्ये अग्निप्रवाळ लावले होते, ते त्वचेला लागले की भाजल्यासारखी आग होते; माझा हात तिकडे वळताच वाटाडीने मनगट धरून मागे ओढला.