गुडघ्यासाठी शल्लकी-करक्युमिन कॅप्सूल, तीन महिने घेऊन बघितल्या

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा तर कॅप्सूलच्या साइजसाठीच कापलाय, एवढी मोठी आहे की घशाखाली उतरेपर्यंत गुडघा विसरायला होतो.

दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, उजव्याची जास्त. जिना चढायला तेवढं काही नाही पण उतरताना रेलिंग धरल्याशिवाय जमत नाही, आणि सकाळी उठल्यावर पहिली पाच-दहा पावलं लाकडाच्या पायांनी चालल्यासारखी. पेनकिलर घेतली की बरं वाटतं पण ॲसिडिटीने जीव जातो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच हर्बलकडे वळले.

आधी वेगळ्याच कंपनीची बाटली घेतली होती, नाव नाही सांगत. लेबलवर नऊ वनस्पती आणि पुढे नुसतं 'स्पेशल ब्लेंड 500 मिग्रॅ', कुठलं किती काही पत्ता नाही. दीड महिना घेतली, ढिम्म फरक नाही. तेव्हापासून लेबल वाचायला लागले आणि डोकं चक्रावलं! करक्युमिन हा हळदीतला मुख्य घटक, पण हळदीत तो वजनाच्या साधारण 3 टक्केच असतो, म्हणजे लेबलवर 'हळद 500 मिग्रॅ' असेल तर करक्युमिन जेमतेम 15 मिग्रॅ. आणि थायलंडमधे 2014 साली गुडघ्याच्या पेशंटवर हळदीची आयब्युप्रोफेन या पेनकिलरशी तुलना केली होती (दुखण्यात दोन्ही साधारण सारखेच निघाले, चार आठवड्यांत), त्यात हळदीचा अर्क रोज 1500 मिग्रॅ होता. अर्क, पावडर नाही! शिवाय करक्युमिन अंगात नीट शोषलंच जात नाही, म्हणून सोबत मिऱ्यातलं पायपरिन घालतात. 1998 च्या एका अभ्यासात त्याने प्रमाण 20 पट वाढलं होतं.

आत्ताच्या बाटलीवर सगळं वेगवेगळं लिहिलंय, शल्लकीचा अर्क किती, त्यात बोस्वेलिक ॲसिड (शल्लकीतला मुख्य घटक) किती टक्के, करक्युमिन किती, पायपरिन किती, म्हणून घेतली. शल्लकी म्हणजे सालईच्या झाडाचा डिंक, सूज वाढवणारं एक एन्झाइम आहे त्याला ती आवर घालते. 2014 च्या कॉक्रेन रिव्ह्यूमधे (बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा) शल्लकीच्या अर्काने दुखणं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, 100 पैकी साधारण 17 गुणांनी कमी झालेलं दिसतं. वाईट नाही, पण जादूही नाही, आणि माझा अनुभव अगदी तसाच आहे.

पहिले तीन आठवडे शून्य. नवरा म्हणाला बंद कर आता, मी म्हटलं बाटली तरी संपू दे. पाचव्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की सकाळचं आखडणं लवकर सुटतंय आणि संध्याकाळची सूज कमी दिसतेय. पेनकिलर आठवड्यातून चार-पाचदा लागायची ती आता एखाद-दुसऱ्या वेळी. जिना उतरणं मात्र तसंच राहिलं होतं, ते सुधारलं फिजिओने दिलेल्या मांडीच्या व्यायामांनी, त्याचं श्रेय कॅप्सूलला नको द्यायला. आणि जाहिरातीत 'गादी पुन्हा भरून येते' म्हणतात ना, झिजलेली गादी अशा गोळीने परत येते असं काही सिद्ध झालेलं नाही, उगाच आशा लावून बसू नका.

उपाशीपोटी घेतली की छातीत जळजळ, करपट ढेकर, म्हणून जेवणानंतरच. आता महत्त्वाचं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. पायपरिन जसं करक्युमिन वाढवतं तसं इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. इटलीत 2019 मधे हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस निघाल्या होत्या, त्यामुळे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर लगेच बंद करायची. हर्बल म्हणजे निर्धोक असं मीही समजत होते.

अजून एक, कॅप्सूल मोठी म्हणून एकदा उघडून पाण्यात घातली तर तो रंग ओट्यावरून अजून गेलेला नाहीये.

पुढच्या महिन्यात दाढ काढायचीय, डॉक्टरांनी दोन आठवडे आधीपासून बंद ठेवायला सांगितलंय. तेवढ्यात गुडघा काय बोलतो ते बघते आणि मगच तिसरी बाटली मागवायची का ते ठरवते.