नऊ महिने फ्रीजरमधल्या वड्यांचे : वापरानंतरचा अनुभव

माझ्या सात वर्षांच्या मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध पचत नाही, असं नव्हे; दुधातलं प्रथिनच तिच्या अंगाला चालत नाही. पचत नसेल तर पोट बिघडतं, अ‍ॅलर्जी असेल तर अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात आणि त्याला दह्याचा हात लागलेला चमचाही पुरतो. शाळेच्या डब्यासाठी आणि संध्याकाळच्या पाचच्या भुकेसाठी मी बाजारातली फ्रोझन पाकिटं पुष्कळ तपासली. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो, आणि त्या शाकाहारात दूध बसतं. टिक्कीच्या वरच्या ब्रेडच्या चुऱ्यात दुधाची पावडर, मसाल्यात चीज पावडर, असं बारीक अक्षरांत सापडायचं. २०२२ पासून वीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या पदार्थांसाठी वेगळी खूण आली, ही फार चांगली गोष्ट झाली. तरी त्याच कारखान्यात दुधाचेही पदार्थ बनत असतील तर आमच्यासाठी ते पाकीट बादच.

म्हणून गेल्या ऑक्टोबरात मी घरीच करून गोठवायला सुरुवात केली. आता नऊ महिने झाले. दर दुसऱ्या शनिवारी तीन तास द्यायचे आणि पंधरा दिवसांचं खाणं भरून ठेवायचं, असा नेम बसला आहे. घरात वयाने मोठ्या सासूबाई आहेत, त्यांना मधुमेह आहे. तेव्हा मैदा आणि भरपूर तेलही नको होतं.

पहिला घाणा वाया गेला. वाटाणा-बटाट्याच्या चाळीस टिक्क्या केल्या, गार झाल्यावर सरळ पिशवीत भरल्या आणि फ्रीजरमध्ये टाकल्या. आठवड्याने काढल्या तर सगळ्यांचा मिळून एक दगड. कशाबशा सुट्या केल्या आणि तेलात सोडल्या, तर फुटून तेलात पसरल्या. तेल इतकं उडालं की मी गॅस बंद करून मुलीला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

त्यानंतर हे असं का होतं ते नीट समजून घेतलं, आणि पुढचं सगळं त्यातूनच सुधारलं. उकडलेला बटाटा गार होत गेला की त्यातलं पिष्ट पाणी सोडतं. ते पाणी गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि टिक्कीला आतून तडे देतं. मग तसा बर्फ गरम तेलात गेला की त्याची एकदम वाफ होते आणि टिक्की फुटते. गोठणं जितकं सावकाश, तितके बर्फाचे स्फटिक मोठे आणि नासाडी जास्त. थोडक्यात, घरच्या फ्रीजरमध्ये सगळा खेळ पाण्याचा आहे. पदार्थात सुटं पाणी कमी हवं आणि तो पातळ, सुटासुटा, लवकर गोठायला हवा.

या कसोटीवर आपल्याकडचे वाफवलेले पदार्थ इतके चोख उतरतात की मला अजूनही आनंद वाटतो. कोथिंबीर वडी, अळूवडी, दुधीचे मुटके. वाफेवर बेसन घट्ट होतं आणि पाणी धरून ठेवतं. मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही वड्या आदल्या रात्री वाफवूनच ठेवायचो. सकाळी पाहुणे आले की तळायच्या." म्हणजे पद्धत आधीपासूनच होती. फ्रीजरने त्या एका रात्रीचे दोन महिने केले, इतकंच.

कोथिंबीर वडीचं माझं आता पक्कं झालेलं प्रमाण देते. निवडून, धुऊन, पंचावर पसरून अगदी कोरडी केलेली आणि बारीक चिरलेली कोथिंबीर चार वाट्या, बेसन दीड वाटी, तांदळाचं पीठ पाव वाटी, तीळ दोन चमचे, आलं-मिरची, हळद, हिंग, ओवा, मीठ आणि चिंच-गुळाचा कोळ दोन चमचे. हे आधी नुसतं कालवून दहा मिनिटं ठेवायचं. मिठाने कोथिंबिरीला पाणी सुटतं, त्यातच पीठ भिजतं. लागलंच तर वरून दोन-तीन चमचे पाणी, त्याहून जास्त नाही. मोदकपात्रात वीस मिनिटं वाफवायचं, सुरी घालून ती स्वच्छ निघाली की उतरवायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचं नाही. घाई केली की कडा चुरतात आणि तो चुरा पुढे तेलात जळतो. वडी दोन सेंटीमीटरपेक्षा जाड नको. मग स्टीलच्या ताटात, एकमेकींना न चिकटता, झाकण न घालता चार-पाच तास फ्रीजरमध्ये. दगडासारख्या झाल्या की पिशवीत भरून, हवा दाबून काढून, वर तारीख लिहायची. असं केलं की हव्या तेवढ्या चार वड्या सुट्या निघतात.

कोथिंबीर ओली राहिली की सगळं बिघडतं, हे मी तीनदा अनुभवलं. नवरा शुक्रवारी रात्री जुड्या निवडतो आणि धुऊन पंख्याखाली पसरून ठेवतो. हे काम त्याने घेतलं नसतं तर माझे शनिवारचे तीन तास पाच झाले असते.

अळूवडीचे उंडे अख्खेच गोठवायचा मोह होतो. तो टाळा. जाड उंडा आतपर्यंत गोठायला फार वेळ घेतो आणि नंतर त्याचे काप करता येत नाहीत. वाफवून, गार करून, अर्धा तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून काप करा आणि मग काप गोठवा. पानं काळ्या देठाची घ्या आणि चिंच सढळ हाताने घाला, नाहीतर घशाला खाज सुटते. गोठवल्याने ती खाज जात नाही.

कबाबांसाठी बटाटा मी जवळजवळ सोडला. मोड आणून, वाफवून, पाणी निथळून भरड वाटलेली मटकी, त्यात भाजलेलं बेसन, आणि चिकटपणासाठी एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. वर ब्रेडच्या चुऱ्याऐवजी जाड पोहे कोरडे भाजून, भरड दळून लावते. पोह्यांचं आवरण ब्रेडपेक्षा जास्त कुरकुरीत राहतं, हे मी ठामपणे सांगते. सोयाबीनच्या वड्यांचे कबाबही ठीक होतात. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळे पोट छान भरतं. पण गरम पाण्यातून काढल्यावर त्या अगदी घट्ट पिळल्या पाहिजेत. राजमा वापरणार असाल तर तो कुकरला पूर्ण मऊ शिजवूनच घ्या. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात, आणि फ्रीजर ते विष मारत नाही.

टोफूने, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरने, मला चकित केलं. गोठला की तो पिवळसर पडतो, बिघडल्यासारखा दिसतो. बाहेर काढून वितळवला आणि तळहातांत दाबला की स्पंजासारखं पाणी निघून जातं, आणि मग तो मसाला असा शोषतो की ताज्या टोफूला ते कधी जमत नाही. बर्फाने त्यात पाडलेली छिद्रं इथे उपयोगी पडतात. जपानमध्ये टोफू गोठवून वाळवण्याची जुनी रीतच आहे. आमच्या घरी पनीर टिक्क्याची जागा आता यानेच घेतली आहे.

एप्रिलमध्ये रत्नागिरीहून नणंदेने कोवळे फणस पाठवले, तिकडे त्याला कुयरी म्हणतात. उकडून, ठेचून, फडक्यात पिळून त्याचे कबाब केले. चव उत्तम, दीड महिना टिकले. चीक काढायला हाताला आणि विळीला भरपूर तेल लावावं लागतं.

जमलं नाही ते असं. साबुदाणा वडा गोठवू नका. आत बर्फ राहतो आणि वडा तेलात फुटतो, हे धोक्याचं आहे. मटार करंजी कच्ची गोठवली तर महिनाभर बरी राहते, पुढे पारीवर कोरडे पांढरे डाग पडून ती तडकते. ते डाग म्हणजे वरचं पाणी उडून गेलेलं असतं. खाल्ल्याने अपाय नाही, पण चव पुठ्ठ्यासारखी लागते. काकडी, कोबी भरलेलं काहीच नीट राहिलं नाही.

वाटाण्याबद्दल थोडं. जानेवारीत मध्य प्रदेशातून येणारा वाटाणा स्वस्त आणि गोड असतो, तेव्हा दहा किलो घेतला. सोललेले दाणे कच्चेच भरले तर फ्रीजरमध्येही त्यातले विकर (एन्झाइम) हळूहळू काम करत राहतात आणि दोन महिन्यांत दाणे फिके, गवताच्या चवीचे होतात. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरडे, आणि मगच गोठवायचे. जूनमध्ये काढलेला वाटाणा अजून हिरवागार होता.

आता यंत्रांकडे वळते. आमचा फ्रीज दोन दारांचा, अडीचशे लिटरच्या आतबाहेरचा. नव्याने काहीच घेतलं नव्हतं. डिसेंबरात फ्रीजरसाठी छोटा थर्मामीटर घेतला आणि डोळे उघडले: पारा उणे १२ अंश. खटका पुढे नेऊन आणि दारातल्या कप्प्यात वड्या ठेवणं बंद करून तो उणे १८ वर आणला. त्यानंतर वड्या महिन्याऐवजी दोन महिने चांगल्या राहू लागल्या. एकच वस्तू घ्यायची असेल तर हा थर्मामीटर घ्या. एअर फ्रायर मात्र मला गरजेचा वाटला नाही. पोहे लावलेले कबाब त्यात २०० अंशांवर तेलाचा हात फिरवून पंधरा मिनिटांत छान होतात, पण कोथिंबीर वडी कोरडी पडते. वडीसाठी बिडाचा तवा, दोन चमचे तेल, गोठलेलीच वडी, मंद आचेवर झाकण ठेवून चार-पाच मिनिटं, मग झाकण काढून दोन्ही बाजू खरपूस. आधी वितळवायची नाही. वितळली की पाणी सुटतं. पिशवीत बर्फाचा भुगा दिसला तर तेवढा झटकून घ्या.

मे महिन्यात वळवाच्या वादळात आमच्याकडे नऊ तास वीज नव्हती. मी सगळं टाकून द्यायच्या तयारीत होते. पण फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर थंडावा साधारण दोन दिवस टिकतो. अर्धा भरलेला असेल तर एक दिवस. दार बंद ठेवलं आणि सगळं शाबूत राहिलं. आता आत एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं आहे. आम्ही गावाला गेलो असताना वीज गेली आणि बर्फ वितळून पुन्हा गोठला, तर नाणं खाली बुडालेलं दिसेल. तसं दिसलं तर आतलं काहीही मुलीला द्यायचं नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. वितळलं की पुन्हा वाढतात. म्हणून वाफवलेल्या वड्या गार करायलाही मी दोन तासांहून जास्त बाहेर ठेवत नाही, आणि एकदा वितळलेलं परत गोठवत नाही.

चवीचं एक निरीक्षण. दोन महिन्यांनी लसणाला उग्र, किंचित कडवट वास येतो. त्यामुळे गोठवायच्या पदार्थांत लसूण निम्माच घालते आणि खाताना लसणाची चटणी सोबत देते.

हे खाणं पौष्टिक आहे, पण त्यावर सगळं सोपवू नका. दूध बंद असलेल्या मुलीच्या कॅल्शियमची मला सतत काळजी असते. मुटक्यांत ज्वारीबरोबर नाचणी घालते, कारण शंभर ग्रॅम नाचणीत तीनशेहून जास्त मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तीळ तर सगळ्यातच असतात. ब जीवनसत्त्वातलं बी-१२ मात्र वनस्पतींतून मिळत नाही. ते आणि बाकीची मात्रा आम्ही मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच देतो. दूध न घेणारं मूल असेल त्यांनी हे पुढे ढकलू नये.

सगळ्यात मोठा बदल वाढदिवसांत झाला. पूर्वी ती दुसऱ्यांच्या घरी वेगळा डबा घेऊन कोपऱ्यात बसायची. आता मी निघताना फ्रीजरमधल्या तीस वड्या आणि वीस कबाब थर्मासच्या पिशवीत बर्फाच्या पाकिटांसोबत भरते, त्या घरी पोचल्यावर माझा तवा ठेवून परतते आणि सगळ्या मुलांना वाढते. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला ताटात आधी तिच्याच वड्या संपल्या. घरी येताना ती म्हणाली, "आई, आज सगळ्यांनी माझं खाल्लं."

आता पाऊस लागला आहे, अळू भरपूर येतोय आणि श्रावण तोंडावर आहे. या शनिवारी आठ उंड्यांचा बेत आहे. चिंच भिजत घातली आहे.