‘लिव्ह-इनचा पुरावा आम्ही बनवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या हाती फाइल देऊ नका

जोडीदार ऑस्ट्रेलियाचा नागरिक आहे, लग्न झालेलं नाही आणि तिकडे स्थायिक व्हायचंय, अशा जोडप्यांना लुबाडण्याची पुण्यात एक ठरलेली पद्धत आहे. पैसे तर जातातच, पण खरं नुकसान पुढे होतं. एजंट तुमच्या नावाने खोटे कागद लावतो, आणि ते पकडले गेले की बंदी तुमच्यावर येते. एजंट दुसरं ऑफिस थाटून मोकळा.

आधी नियम बघा. ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा लग्नाशिवायही मिळतो. भारतातून सबक्लास (व्हिसाचा प्रकार) ३०९ आणि १०० हे दोन्ही एकाच अर्जात भरायचे, पहिला तात्पुरता, दुसरा कायमचा. अर्जाच्या आधीचे किमान १२ महिने नातं ‘डी फॅक्टो’ असायला हवं, म्हणजे संसार केल्यासारखं. नुसती मैत्री, व्हिडिओ कॉल, सुट्टीतली भेट हा काळ त्यात धरला जाईलच असं नाही. १ जुलै २०२५ ला सरकारी फी ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, रुपयांत पाच लाखांच्या वर.

फसवणूक नेमकी या १२ महिन्यांच्या अटीवर उभी असते. पुण्यात लग्न न झालेल्या जोडप्याला घर मिळणं कठीण. मिळालं तरी घरमालक करारात एकाचंच नाव घालतो आणि सोसायटी पत्र द्यायला तयार नसते. एकत्र राहूनही कागद नाही, ही अडचण एजंटला पक्की ठाऊक असते. ‘पेपर आमच्यावर सोडा’ असं तो म्हणतो, आणि थकलेली माणसं हो म्हणतात.

कोथरूडमधल्या एका मुलीच्या फाइलमध्ये काय निघालं ते सांगतो. पहिला कागद दोघांच्या नावाचा भाडेकरार, स्टॅम्प पेपरवर, खाली नोटरीचा शिक्का. तारीख जूनची आणि सही दोघांची. तिच्या जोडीदाराच्या पासपोर्टवर मात्र भारतात उतरल्याचा शिक्का ऑगस्टचा. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ११ महिन्यांचा असला तरीही. नोंदणी झाली की दस्त क्रमांक आणि इंडेक्स-२ (नोंदणीचा सरकारी उतारा) मिळतो आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. या करारावर दस्त क्रमांकच नव्हता. स्टॅम्प विक्रेत्याच्या नोंदीतला क्रमांक आणि तारीख, नोटरीच्या रजिस्टरमधला अनुक्रमांक, पासपोर्टवरचे शिक्के, मागची तारीख टाकणाऱ्याला हे सगळं एकमेकांशी जुळवता येत नाही. तपासणाऱ्याला एक विसंगती पुरते.

दुसरा कागद ‘लिव्ह-इन नोंदणी प्रमाणपत्र, पुणे’. असं प्रमाणपत्र महाराष्ट्रात कुठलंही सरकारी कार्यालय देत नाही. उत्तराखंडात समान नागरी कायद्याखाली जानेवारी २०२५ पासून तशी नोंदणी आहे, पण त्याचा पुण्याशी संबंध नाही. पुढे फॉर्म ८८८ च्या दोन प्रती होत्या. जोडप्याला ओळखणाऱ्यांनी नात्याबद्दल लिहून द्यायचा हा फॉर्म. त्यावर सह्या करणाऱ्यांची नावं मुलीने कधी ऐकलेलीही नव्हती.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पार्टनर व्हिसाचा अर्ज भरलाच नव्हता. पाच लाखांची ‘सरकारी फी’ एका बचत खात्यात गेली होती आणि प्रत्यक्षात सबक्लास ६०० चा पर्यटक व्हिसा मागितला होता, ज्याची फी दोनशे डॉलरच्या आसपास आहे. त्या अर्जात जोडीदाराचा उल्लेखच नव्हता. उद्या खरा अर्ज केला की अधिकारी विचारणार, त्या तारखेला जोडीदार होता तर लिहिला का नाही?

खोटा कागद किंवा खोटी माहिती सापडली तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांतली पीआयसी ४०२० ही अट लागते. अर्ज नाकारला जातो आणि ३ वर्षं ही अट असलेला व्हिसा मिळत नाही. ओळखीबाबत खोटं सापडलं तर १० वर्षं. ओळखीचा मुद्दा सोडून बाकी बाबतीत सूट मागता येते, पण त्यासाठी फार भक्कम कारण लागतं, आणि ‘एजंटने परस्पर लावलं’ एवढं म्हणून भागत नाही.

अर्ज खरंच गेलाय का, हे पाहणं अवघड नाही. इमीअकाउंट, म्हणजे ऑस्ट्रेलियन सरकारचं व्हिसा अर्जाचं ऑनलाइन खातं, स्वतःच्या ईमेलवर स्वतः उघडा. फी त्यातच ऑनलाइन भरली जाते, भारतातल्या कुणाच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर नाही. त्यात अर्ज सुरू केला की टीआरएन हा संदर्भ क्रमांक मिळतो, पण नुसता क्रमांक म्हणजे अर्ज दाखल झाला असं नाही. एजंटने भरला असेल तर तो क्रमांक, जन्मतारीख आणि पासपोर्टचा तपशील घालून अर्ज आपल्या खात्यात इम्पोर्ट करता येतो. याहून सोपी खूण म्हणजे जोडीदाराला स्पॉन्सरशिपचा फॉर्म भरताना तुमचा टीआरएन लागतो. एजंट तो देत नसेल तर अर्ज नाही असंच समजा. ‘व्हिसा स्टॅम्पिंग चार्ज’ मागितला तर सरळ उठून या. ऑस्ट्रेलियाने पासपोर्टवर व्हिसाचं लेबल लावणं २०१५ मध्येच बंद केलं. मंजुरी पत्राने कळते आणि व्हेवो या सरकारी ऑनलाइन व्हिसा तपासणी सेवेवर फुकट तपासता येते.

भिंतीवरच्या लायसन्सने भुलू नका. परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना परदेशी नोकरभरतीसाठी असतो, पार्टनर व्हिसासाठी नाही. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीकृत सल्लागाराला सात अंकी एमएआरएन (नोंदणी क्रमांक) असतो आणि त्यांच्या सरकारी यादीत नाव शोधता येतं. भारतात बसून सल्ला देणाऱ्यावर ती नोंदणी बंधनकारक नाही, म्हणूनच इथे कोणीही पाटी लावतो.

खरा पुरावा बहुतेकांकडे असतो, फक्त तो पुरावा आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. पैसा, घरातला व्यवहार, लोकांतली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी या चार अंगांनी नातं तपासलं जातं. दरमहा अर्धं भाडं यूपीआयने पाठवल्याची बँक स्टेटमेंटं, एकाच पत्त्यावर दोघांची पार्सलं, सोसायटीच्या गेट अॅपमधल्या नोंदी, विम्यात किंवा पीएफमध्ये नॉमिनी, दोन्ही घरच्यांसोबतचे तारखेसह फोटो. परदेशी जोडीदार घरी राहायला आला की घरमालकाने २४ तासांत करायची ऑनलाइन नोंद, जिला फॉर्म सी म्हणतात, ती असेल तर फारच उत्तम. करारात एकाचंच नाव का, हे दोघांनी आपापल्या शब्दांत लिहून द्या. पुण्यातली घरमालकांची रीत समजावून सांगितलेलं चालतं. जोडीदार न्यू साउथ वेल्स किंवा व्हिक्टोरियात राहत असेल तर तिथे नात्याची नोंदणी करता येते आणि मग १२ महिन्यांची अट लागत नाही. हा सरळ मार्ग एजंट सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना काही विकता येत नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मग पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि ३३६ खाली बनावट कागदांची तक्रार द्या. पावत्या, व्हॉट्सअॅपची एक्सपोर्ट केलेली चॅट आणि तो खोटा करार सोबत जोडा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जाता येतं. आणि खोटे कागद लावलेला अर्ज अजून प्रलंबित असेल तर निकालाची वाट पाहू नका. फॉर्म १०२३ भरून चुकीची माहिती स्वतःहून कळवा, सोबत पोलीस तक्रारीची प्रत जोडा, आणि पाठवण्याआधी एमएआरएन असलेल्या सल्लागाराला मसुदा दाखवा.